घर किनाऱ्यावर, माणसं बेटावर: माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
माजी सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आमच्या वाडीतला एक मुलगा नौदलात आहे. पुढच्या महिन्यात त्याची अंदमानला बदली होतेय. परवा त्याची बायको कडेवर बाळ घेऊन माझ्याकडे आली. मी तीन वर्षं तिथे संसार करून आलेली, तेव्हा काय न्यायचं, काय नाही, हे तिला विचारायचं होतं. सोलं जास्त घे, तिरफळं घे, कुळथाची पिठी घे, पाण्यासाठी झाकणाचे ड्रम तिथेच मिळतात, असं मी तासभर सांगत होते. निघताना ती उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "काकी, आणि हय सासूक काय झाला तर कोणाक सांगूचा?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणून आपल्याला लिहायला बसले.

माझं घर मालवणजवळ. यजमानही नौदलात. २०२१ च्या जानेवारीत त्यांची बदली पोर्ट ब्लेअरला झाली. त्याच गावाला आता श्री विजय पुरम म्हणतात. चेन्नईहून विमानाने दोन तासांत आम्ही पोचलो, सामान मात्र बोटीने मागाहून आलं. तोवर दोन गाद्या, एक कुकर आणि शेजारणीने दिलेली चार भांडी एवढ्यावर संसार. शेजारीण आंध्रातल्या श्रीकाकुलमची. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. दोघींचं हिंदी मोडकंच, पण नळाला पाणी कधी येतं, टाकी कधी भरायची, उन्हाळ्यापर्यंत ते कसं पुरवायचं, हे सगळं तिनेच शिकवलं. बेटावर पाऊस कोकणासारखाच धो धो पडतो. तरी जानेवारी ते एप्रिल पाणी मोजून वापरावं लागतं, कारण शहर मुख्यतः धानीखाडीच्या धरणावर अवलंबून आहे. बावीवर वाढलेल्या बाईला मोजून पाणी वापरणं जड जातं. पण मे महिन्यातले टँकर आपल्याकडेही आहेतच, त्यामुळे जमलं.

माझ्या सात वर्षांच्या मुलाला सगळ्यात अवघड गेली ती संध्याकाळ. घड्याळ तेच, भारताचंच, पण जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला तिथे दिवस मावळतो. मालवण आणि पोर्ट ब्लेअर यांच्यात एकोणीस रेखांशांचं अंतर आहे, म्हणजे सूर्य सव्वा तास आधी. समुद्राखालून चेन्नईची केबल २०२० मध्ये पोचली होती, त्यामुळे व्हिडिओ कॉल लागायचा. आमच्या खिडकीबाहेर काळोख आणि फोनमध्ये आजीच्या खळ्यात ऊन. "आई, आजी दुसऱ्या देशात राहते का?" असं त्याने विचारलं. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

हळूहळू आम्ही रुजलो. जंगलीघाटच्या मासळी बाजारात बांगडा दिसला, तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मगरींच्या सूचनेची पाटी असलेल्या किनाऱ्यावर मुलाला पाण्यात सोडायचं नाही, हे अंगवळणी पडलं. पहिला हादरा बसला तेव्हा शेजारची मुलं धावत मोकळ्यावर गेली, माझा मात्र भिंतीला धरून उभा राहिला. आमच्या आजीने १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या गोष्टी सांगितल्या होत्या, पण घर हलणं अंगावर आलं ते पहिल्यांदाच. २००४ च्या त्सुनामीत कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात जवानांच्या बायका होत्या, मुलंही होती. तळावरच्या लोकांनी हे आम्हाला लपवून न ठेवता सांगितलं आणि काय करायचं तेही शिकवलं. तिकडची बाजू नौदलाने सांभाळली, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

माझी तक्रार इकडच्या बाजूची आहे.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून गेलं. आम्हाला जाऊन चारच महिने झाले होते. सासूबाई घरात एकट्या. सोमवारपासून फोन लागेना. वीज गेलेली, टॉवर बंद. चौथ्या दिवशी पुतण्याने कट्टा गावातल्या एका घरातून फोन लावून दिला. पडवीवरची कौलं गेली होती, दोन वासे मोडले होते, मागच्या दारचा हापूस आडवा झाला होता. सासूबाई म्हणाल्या, "गो, कौला गेली ती येतली. तुमी थंयच सुखान रवा." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. यजमान एकुलते एक. त्यांनी सुट्टीचा अर्ज केला, तोवर बंगालच्या उपसागरात यास वादळ उठलं आणि सगळ्यांना तयारीत राहण्याचा हुकूम आला. शिवाय कोरोनाची दुसरी लाट होती. ते येऊ शकले नाहीत.

पंचनामा वेळेत झाला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण घर आणि जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर. ते आम्ही जाण्याआधी दोन वर्षं वारले होते. कोकणात सामाईक जमिनीवर किती नावं असतात आणि वारस नोंद किती रेंगाळते, हे आपल्याला माहीत आहे. एका कार्यालयात सासूबाईंना सांगितलं, मुलाला सहीला घेऊन या. मुलगा दोन हजार किलोमीटरवर. बेटावर प्रतिज्ञापत्र करून, वरिष्ठांचा शिक्का घेऊन, पोस्टाने पाठवलं. ते इथे चाललं नाही, स्टँप पेपर महाराष्ट्राचा पाहिजे म्हणाले. दुसऱ्यांदा इथून स्टँप पेपर मागवला, तो पोचून सही होऊन परत येईपर्यंत आषाढ उलटला. दरम्यान नऊची नोटीस, म्हणजे वारस नोंदीवर कोणाची हरकत आहे का हे विचारणारी तलाठ्याची नोटीस, निघाली ती बंद दारावर, कारण सासूबाई तेव्हा तपासणीसाठी बहिणीकडे गेल्या होत्या. हरकतीचे पंधरा दिवस आमच्या नकळत सरले. हरकत कोणी घेतली नाही हे आमचं नशीब.

तो अख्खा पावसाळा माझ्या सासूबाई ताडपत्रीखाली राहिल्या. वाडीतल्या पोरांनी वासे टाकले, कौलं चढवली. १० सप्टेंबरला गणपती आले, पूजेला चुलत दीर बसले. नुकसानीचे पैसे त्यानंतर मिळाले. त्या चार महिन्यांत मी बेटावर नीट जेवले नाही. मुलाला नवीन शाळा, नवीन मित्र होते, मी मात्र दिवसभर फोन हातात धरून बसायचे. माणूस नव्या जागी रुजतो, पण मागे सोडलेलं घर उभं आहे याची खात्री असेल तरच. ती खात्री नसल्यामुळे पहिलं वर्ष वाया गेलं. बेटाचा त्यात दोष नव्हता.

महोदय, आपल्या विभागाच्या नावात 'माजी' हा शब्द आहे. माजी सैनिकांच्या घरपट्टीची माफी राज्याने २०२० मध्ये दिली, आमच्या वाडीतल्या दोन निवृत्त हवालदारांना त्याचा आधार झाला. पण नोकरीतल्या सैनिकाचं घरही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने बघावं, अशीच अपेक्षा आहे ना? तिथले अधिकारी भले आहेत. माणसं कमी आहेत, आणि महसूल खात्यापुढे त्यांचं फक्त विनंतीपत्र चालतं.

मला एकच गोष्ट मागायची आहे. दूरच्या ठिकाणी बदली झालेल्या जवानाने आपल्या तळावर, आपल्या वरिष्ठांसमोर केलेली सही गावातल्या वारस नोंदीला, पंचनाम्याला, बँकेच्या कागदाला त्याच्या हजेरीइतकीच धरावी. असं काही नवीन मी मागत नाही. मतदानात हे आधीच आहे. सेनादलातल्या मतदाराला २००३ पासून गावातला माणूस प्रतिनिधी नेमून त्याच्या हातून मत देता येतं. देशाचं सरकार निवडायला जी सोय चालते, ती स्वतःच्या घराच्या कौलांसाठी का चालू नये? १९२५ चा सैनिकांच्या दाव्यांचा कायदा आहे, तो लढाईच्या किंवा विशेष परिस्थितीत असलेल्या सैनिकाविरुद्धचा दावा थांबवायला उपयोगी पडतो. पण वारस नोंद हा दावा नव्हे आणि अंदमान ही लढाई नव्हे. आमच्यासारखे मधल्या मध्ये राहतात.

२०२२ मध्ये राज्यातल्या काही जिल्ह्यांत 'अमृत जवान' अभियान झालं, त्यात सैनिकांच्या कुटुंबांची रखडलेली कामं तालुक्याला बसून निकाली काढली. ते काही महिन्यांत संपलं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडात ते कायमचं करा. तालुक्याला महिन्यातून एक दिवस, ठरलेला वार, नेमून दिलेला एक माणूस, एक फोन नंबर. वादळाचा इशारा आला की त्या माणसाने यादीतल्या म्हाताऱ्या आईबापांच्या दारात एकदा जाऊन यावं. आपल्याकडे वादळं आता वरचेवर येतात. २०२० ला निसर्ग रायगड-रत्नागिरीत आलं, पुढच्याच वर्षी तौक्ते.

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन आमच्या किनाऱ्यावर साजरा झाला. शिवाजी महाराजांनी बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर, आमच्या तारकर्लीच्या समुद्रात युद्धनौका उभ्या होत्या. आम्ही तेव्हा बेटावर होतो आणि फोनच्या पडद्यावर बघत होतो. यजमानांनी आवाज वाढवला आणि म्हणाले, त्या मागच्या माडांच्या आड आपलं घर. आमचा ऊर भरून आला होता. सासूबाई गर्दीत किनाऱ्यावर उभ्या होत्या, मोतीबिंदूमुळे त्यांना बोटी दिसल्या नाहीत, पण तोफांचा आवाज ऐकला म्हणाल्या.

वाडीतली ती मुलगी येत्या पंधरा तारखेला निघतेय. काळी ट्रंक भरून झाली आहे, वर नाव रंगवायचं राहिलंय. तिची सासू साठीच्या पुढची आहे, साखर आहे, गुडघे धरलेत. मी माझा नंबर तिच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात लिहून आले आहे. त्याच्या खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे. तिथे लिहायला आपल्या जिल्हा कार्यालयाचा एक नंबर द्यावा, पंधरा तारखेच्या आत.

आपली विश्वासू,
एका नौसैनिकाची पत्नी
मालवण तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग