प्रभूच्या मेजाकडे या, बाबा

रॉटरडॅम

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात तुम्हा दोघांना सलाम.

बाबा, आईने मला सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नका. ती म्हणाली, महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही उपासनेला जाता, गीतं म्हणता, उपदेश मन लावून ऐकता. पण पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड बाजूला करू लागले, की काठी उचलून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसता. तिने फारच लावून धरलं तेव्हा तुम्ही एवढंच बोललात: आपण जन्माने ख्रिस्ती, देवाने मला तारणासाठी निवडलंय हे कशावरून?

फोनवर मी हा विषय काढला तर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे द्याल, हे मला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. अक्षरं मोठी ठेवली आहेत, दादा छापून आणून देईल. एका बैठकीत वाचून होणार नाही, सावकाश वाचा.

आधी हे सांगते, की तुमची भीती मला पोकळ वाटत नाही. मी जिथे राहते त्या देशात ही भीती फार जुनी आहे. रॉटरडॅमच्या दक्षिणेला झीलंड नावाचा प्रांत आहे, सगळी बेटं आणि बांध. तिथल्या काही कडक मंडळ्यांत रविवारी बाकं भरलेली असतात, आणि प्रभुभोजनाच्या मेजाशी जाणारी माणसं मात्र मोजकी. बाकीचे, ज्यांचं अख्खं आयुष्य त्या बाकांवर गेलं, ते जागचे उठत नाहीत. कारण तुमचंच: निवडलेल्यांत मी आहे याची खूण मला अजून मिळालेली नाही. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर तिकडच्याच एक आजी राहतात. १९५३ मध्ये जानेवारी संपून फेब्रुवारी लागला त्या रात्री समुद्र बांध फोडून आत शिरला, या देशातली १८३६ माणसं गेली. आजी तेव्हा लहान होत्या, घराच्या छपरावर बसून वाचल्या. मला देवाने वाचवलं, असं त्या ठामपणे म्हणतात. पण मला देवाने निवडलं, हे म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी प्रभूची भाकर एकदाही हातात घेतलेली नाही. त्यांचं बोलणं ऐकताना मला व्हरांड्यातले तुम्ही दिसता, आणि मला ते सहन होत नाही.

इथून नदीतून बोटीने तासाभरात डॉर्ड्रेख्तला जाता येतं. प्रश्नोत्तरीच्या वर्गात तुम्ही चर्चच्या ज्या सभेबद्दल सांगायचात, ती १६१८ च्या नोव्हेंबरपासून १६१९ च्या मेपर्यंत याच गावात भरली होती. ज्या इमारतीत भरली ती आता उभी नाही, पण मोठं चर्च आहे, नदीकाठचं, अर्धवट राहिलेल्या बुरुजाचं. वाद हाच होता. लायडनचे प्राध्यापक आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. त्यांच्या शिष्यांचं म्हणणं असं, की कोण विश्वास ठेवणार हे देवाला आधीच दिसतं, आणि त्या विश्वासाकडे पाहून तो निवड करतो. सभेने ठरवलं, तसं नाही. विश्वास पाहून निवड होत नाही, निवडीतून विश्वास उगवतो. कारण माणसाजवळ देवाला दाखवण्यासारखं आधीचं काहीच नाही.

ही सभा मला सगळीच प्रिय आहे असं नाही. ज्यांचं म्हणणं नाकारलं, त्यांच्यातल्या दोनशेच्या आसपास पाळकांना मंडळ्या सोडाव्या लागल्या. त्यांना आधार देणारे वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचा त्याच मे महिन्यात हेगमध्ये शिरच्छेद झाला. त्यामागे राजकारण पुष्कळ होतं, तरी कृपेबद्दल बोलणाऱ्यांच्या नावावर तो डाग राहिलाच. आर्मिनियसवाल्यांची काळजीही मला समजते: देवाला निष्ठुर ठरवू नका, एवढंच ते तळमळून सांगत होते.

पण बाबा, त्या सभेने जे लिहून ठेवलं ते मी पुन्हा नीट वाचलं, तुमच्यासाठी वाचलं. आपण निवडलेले आहोत हे कसं कळावं, याचं उत्तर तिथे दिलेलं आहे. देवाच्या गुप्त गोष्टींत डोकावून ते कळत नाही. ख्रिस्तावरचा खरा विश्वास, मुलाच्या मनात बापाबद्दल असतं तसं देवाचं भय, आपल्या पापाबद्दल वाटणारं दुःख, नीतिमत्त्वाची भूक, ही फळं आपल्यात दिसतात का ते पाहायचं. आणि लगेच पुढे, ज्यांना ही फळं स्वतःत ठळक दिसत नाहीत पण देवाकडे वळण्याची तळमळ आहे, त्यांना धीर दिला आहे, की तुम्ही घाबरू नका. मिणमिणती वात न विझवणारा आणि चेपलेला बोरू न मोडणारा देव आहे, हे यशयाचं वचन त्यांच्यासाठी तिथे घातलं आहे. म्हणजे ज्या लोकांना आपण सगळ्यांत कठोर समजतो, त्यांनीच तुमच्यासारख्या माणसासाठी जागा राखून ठेवली होती. तुम्ही रात्री उठून पापाबद्दल रडता, असं आई सांगते. ज्याला देवाने टाकलं आहे त्याला असं रडू येतं का? तुमचं रडणं तुम्ही तुमच्याविरुद्ध साक्षीला उभं करता आहात, आणि ते तर तुमच्या बाजूने बोलतंय.

आता यशयाचा चाळिसावा अध्याय काढा. लहानपणी तुम्ही तो आमच्याकडून पाठ करून घेतलात. समुद्राचं पाणी ज्याने ओंजळीने मापलं, आकाश वितीने मोजलं, डोंगर तराजूत घातले. राष्ट्रं त्याच्यापुढे पोहऱ्यातून गळणाऱ्या थेंबासारखी. मी समुद्रसपाटीच्या खाली राहते, बाबा. या लोकांनी १९५३ नंतर काय काय बांधलं ते तुम्ही बघायला हवं होतं. नदीच्या मुखाशी दोन प्रचंड दरवाजे आहेत, एकेक दोनशे दहा मीटर रुंद, समुद्र चढला की आपोआप मिटणारे. त्यांच्यापुढे उभं राहिलं की माणसाच्या कर्तृत्वाचं कौतुक वाटतं, आणि दरवाज्यांपलीकडे नजर गेली की ते सगळं पाणी एका ओंजळीत मावतं हे वचन अंगावर येतं.

पण तो अध्याय कोणाला सांगितला होता, हे आपण पाठांतराच्या नादात विसरतो. बाबेलच्या बंदिवासातल्या, खचलेल्या लोकांना सांगितला. त्यांची तक्रार त्याच अध्यायात शेवटाजवळ लिहिली आहे: माझा मार्ग परमेश्वरापासून लपला आहे, माझा न्याय देवाच्या नजरेतून निसटला आहे. तुमचा प्रश्न वेगळ्या शब्दांत हाच नाही का? त्याचं उत्तर म्हणून संदेष्टा त्यांना आकाशाकडे पाहायला सांगतो. या ताऱ्यांचं सैन्य तो मोजून बाहेर आणतो, प्रत्येकाला नावाने हाक मारतो, एकही गैरहजर राहत नाही. देवाचं मोठेपण तिथे माणसाला चिरडायला सांगितलेलं नाही. तो इतका मोठा आहे की त्याच्याकडून कोणी नजरचुकीने राहून जात नाही, यासाठी सांगितलं आहे. आपल्यासारखा लहान देव असता तर हजारोंच्या गर्दीत त्याला तुमचा विसर पडला असता. तुम्ही देवाचं मोठेपण आणि त्याची निवड यांची फारकत केली आहे. मोठेपणाची धास्ती तेवढी घेतलीत, आणि निवड जणू तुम्ही मिळवायची पदवी आहे असं धरून चाललात.

‘जन्माने ख्रिस्ती’ हे तुम्ही दोष असल्यासारखं म्हणता. तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुम्हाला मानही धरता येत नव्हती. तुम्ही काही कबूल करण्याआधी, काही चांगलं किंवा वाईट करण्याआधी तुमच्या कपाळावर पाणी पडलं. देव आधी येतो, हे याहून स्पष्ट कसं दाखवायचं? पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्राने सांगितलं होतं, की हे वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे. तुमच्या आजोबांनी विश्वास ठेवला त्या दिवशी तुम्ही त्या वचनात होता.

आजोबांचं तर तुम्हीच आम्हाला सांगितलंत. आपल्या भागात मिशन आलं ते १८५२ मध्ये, रॉयल वाइल्डर कोल्हापुरात उतरले तेव्हा. पण पुढे शुभवर्तमान ज्यांनी जीव लावून धरलं त्यांत मोठा भाग गावकुसाबाहेरच्यांचा. गावच्या विहिरीला हात लावायची ज्यांना बंदी, देवळाची पायरी ज्यांना दूर, शाळेत ज्यांची मुलं दाराबाहेर, त्या आपल्या माणसांना कोणीतरी वाचून दाखवलं, की देवाने जगातले हीन, तुच्छ, कशात नसलेले निवडले. करिंथच्या मंडळीला लिहिलेलं ते पत्र महारवाड्यात वाचलं गेलं तेव्हा ते आपल्याच पत्त्यावर आलंय असं त्या लोकांना वाटलं असेल. इस्राएलालाही मोशेने हेच बजावलं होतं: तुम्ही संख्येने मोठे म्हणून त्याने तुमच्यावर मन बसवलं नाही, तुम्ही तर सगळ्या लोकांत थोडके होता, त्याची तुमच्यावर प्रीती होती म्हणून. कारण विचारलं तर प्रीतीपाशी जाऊन थांबतं, त्याच्या मागे दुसरं कारण सापडत नाही. गावाने ज्यांना जन्मावरून बाहेर ठेवलं त्यांच्या नातवाने आता जन्मावरूनच स्वतःला बाहेर ठेवावं, हे मला पटत नाही, बाबा.

आणि ही निवड कोणावर मिरवायचीही नाही. अब्राहामाला बोलावलं तेव्हाच सांगितलं, की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. इस्राएल फुगायला लागलं तेव्हा आमोस संदेष्ट्याने त्यांना ऐकवलं, की देवाला कूशी लोकही तुमच्यासारखेच आहेत, पलिष्ट्यांनाही त्यानेच आणलं. शेजारच्या काकूंच्या आजारपणात आई महिनाभर त्यांचा डबा करत होती, तेव्हा तिने निवड हा शब्द उच्चारलाही नसेल. माझ्या मते निवडलेल्यांनी असंच वागायचं असतं. आई, तुला हे सगळं पत्र वादावादीचं वाटेल, पण तू हा विषय माझ्या मते आमच्या दोघांपेक्षा जास्त जाणतेस.

रोमकरांस पत्राचा नववा अध्याय तुम्हाला झोपू देत नाही, तेही आईने सांगितलं. याकोबावर प्रीती, एसावाचा द्वेष. बाबा, तुम्ही शिक्षक होता, तुम्हीच सांगायचात, की वाक्य कुठून आलं ते आधी बघा. ते मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून आलं आहे, आणि तिथे ती दोन भावांची नावं दोन राष्ट्रांसाठी आहेत, इस्राएल आणि अदोम. आणि उत्पत्तीत तो एसाव धावत येतो, याकोबाच्या गळ्यात पडतो, दोघं रडतात. त्याचा चेहरा पाहणं म्हणजे देवाचा चेहरा पाहण्यासारखं आहे, असं याकोबच म्हणतो. ते पत्र लिहिणारा पौल तो अध्याय सुरू करतो तोही आपल्या भाऊबंदांसाठी रडत. त्यांच्यासाठी मी स्वतः शापित व्हायला तयार आहे, म्हणतो. आणि संपवतो अकराव्या अध्यायात, सगळ्यांवर दया करावी म्हणून देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं असं सांगून, आणि मग देवाच्या ज्ञानाच्या खोलीपुढे नुसता स्तुती करत सुटतो. तुम्ही नवव्यातच अडकून पडला आहात. मधला खडक फार मोठा आहे हे खरं. फारोचं मन कठीण केलं म्हणजे काय, एकाला उचललं आणि दुसऱ्याला का नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि पौलही ते देत नाही. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन हा विषय म्हणजे भूलभुलैया आहे असा इशारा देतो, आत शिरलेला बाहेर येत नाही म्हणतो. त्याचा उपाय मला सगळ्यांत जवळचा वाटतो: आपली निवड स्वतःत शोधू नका, ख्रिस्त हाच आरसा आहे, त्याच्यात पाहा. इफिसकरांसही तेच लिहिलं आहे, जगाच्या स्थापनेपूर्वी त्याने आपल्याला ख्रिस्ताच्या ठायी निवडलं. ख्रिस्ताला बाजूला ठेवून देवाच्या मनात काय आहे हे शोधायला गेलं की अंधारच दिसणार. आणि ख्रिस्ताने, माझ्याकडे येणाऱ्याला मी कधीच घालवून देणार नाही, असं बोलून ठेवलं आहे.

म्हणून मेजाबद्दल बोलते. माणसाने स्वतःची परीक्षा करावी, हे वचन तुम्ही पुढे करता. ते पूर्ण वाचा. परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं आहे. परीक्षा करून बाहेर जावं, असं कुठेही लिहिलेलं नाही. तो मेज पास झालेल्यांचा नाही. पहिल्या वेळी त्या मेजाभोवती कोण बसले होते? थोड्याच वेळात नाकारणारा पेत्र होता, पळून जाणारे बाकीचे होते. तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं, हे प्रभू त्याच रात्री त्यांनाच म्हणाला.

गुडघ्यांमुळे पुढे जाणं कठीण होत असेल तर पाळकसाहेब तुमच्या बाकापाशी भाकर आणि प्याला आणतील, दादाने त्यांच्याशी बोलून घेतलं आहे. तुम्ही फक्त जागेवर बसून राहा. हात थरथरला तर आई शेजारी आहेच.

यशयाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात देव म्हाताऱ्यांशी बोलतो, तुम्ही त्यावर कधी उपदेश ऐकल्याचं मला आठवत नाही. तुमच्या म्हातारपणापर्यंत मी तोच आहे, केस पिकेपर्यंत मी तुम्हाला खांद्यावर वागवीन. बाबेलच्या मूर्ती बैलांच्या पाठीवर लादून न्याव्या लागतात, आणि हा देव आपल्या लोकांना स्वतः उचलतो, असं तिथे म्हटलं आहे. तो भाग आईकडून वाचून घ्या.

रविवारी तुमच्या दुपारच्या चहाच्या वेळेला फोन करीन. रोमचा अकरावा अध्याय आपण तिघं मिळून वाचू. शेवटच्या चार ओळी बाबांनी वाचायच्या, चष्मा शोधून ठेवा. आई, रक्तदाबाची गोळी रात्रीची चुकवू नकोस, आणि मीठ कमी कर.

तुमची लेक