शमूकाका आता आमच्याकडे आहेत

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

हे पत्र आईने मोठ्याने वाचावं आणि बाबांनी मधेच उठून अंगणात जाऊ नये, एवढी विनंती. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं" म्हणून फोन ठेवून मोकळे झाले असते आणि मग दोन दिवस घरात कोणाशी बोलले नसते. म्हणून लिहितेय.

शमूकाकांना मी घरी आणलंय. कायमचं. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं आणि ती वेळ मला तुमच्यावर आणायची नव्हती. त्यांच्या खोलीला नळ नव्हता, जिना लोखंडी, आणि आता डावा पाय उचलत नाही. पुण्यात त्यांना माझ्याशिवाय कोण आहे? अनिल लगेच हो म्हणाले. हॉलमधला दिवाण रिकामाच असतो. शिवाय रूथ शाळेतून येते तेव्हा घरात मोठं माणूस असलेलं बरं. कारणं फार झाली, कळतंय मला.

तुमची खोली तशीच आहे हं. खिडकीकडचा पलंग, आईची बाथरूममधली उंच खुर्ची, भिंतीला लावलेला दांडा, बाबांचा रेडिओ, कशाला हात लावलेला नाही.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं चर्चच्या पंचांत होतात. कोणाची तक्रार आली की आधी बायबल उघडून मत्तयाचा अठरावा अध्याय काढायचात. भाऊ चुकला तर पहिल्यांदा एकट्याने जाऊन त्याला सांगायचं, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर न्यायचं, आणि तरीही नाही तरच मंडळीपुढे. पिऊन बायकोला मारणाऱ्या त्या माणसाकडेसुद्धा तुम्ही सायकल हाणत एकटे गेला होतात. मी मागे कॅरियरवर होते, मला लिमलेटची गोळी देऊन कोपऱ्यावर उभं केलंत. शमूकाकांच्या वेळी मात्र विहिरीकडचा जमिनीचा पट्टा विकल्याची गोष्ट थेट मंडळीत गेली. आजी तेव्हा कशी झाली होती, तुमच्यावर काय गुजरलं, सगळं डोळ्यांनी पाहिलंय मी. दोष देत नाही. पण त्यांना एकट्यात कोणी विचारलंच नाही, हेही खरं.

आत्या म्हणेलच, "दुसऱ्याचा न्याय करू नका" म्हणत बेबीने सगळ्यावर पाणी सोडलं. तसं नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढायला सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो की मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ नव्हतंच, असं कुठे म्हटलंय? लेवीयच्या 19 व्या अध्यायात तर आणखी रोकठोक आहे: निवाड्यात गरिबाचीही भीड धरायची नाही आणि बड्याचाही मुलाहिजा ठेवायचा नाही. काका आज गरीब आहेत म्हणून विहिरीकडचा पट्टा विकला ते बरोबर ठरत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी मान हलवली आणि शेंगा सोलत राहिले.

याकोबाच्या पत्रातला तो भाग तुम्ही संडे स्कूलमध्ये आमच्याकडून करून घ्यायचात, आठवतं? दादा सोन्याच्या अंगठीवाला, मी मळक्या कपड्यांची. दादाला खुर्ची आणि मला पायाशी जागा. मी खरंच रडायला लागायचे, मग तुम्ही मला कडेवर घेऊन उरलेला धडा पुरा करायचात. कोटाला डांबरगोळीचा वास यायचा. दादाच्या लग्नात काका मांडवामागे आचाऱ्यांजवळ जेवायला बसले होते. असो.

अजून ते चहाचा कप विसळून खिडकीत वेगळा पालथा घालतात. मी उचलून मांडणीवर ठेवते. संध्याकाळी कप परत खिडकीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं मात्र मोठ्याने म्हणतात, अगदी सुरात. रूथला दोन पाठ झाली.

(आई, पुढची दोन वाक्यं मनात वाच. दर नाताळला करंज्यांचा जो डबा "जास्तीचा" भरायचीस तो कुठे जायचा, हे काकांनी सांगितलंय मला. बाबांना सांगायचं की नाही ते तू बघ.)

उन्हाळ्यात तुम्ही याल तेव्हा काकांना दुसरीकडे पाठवणार नाही, हे आताच सांगून ठेवते. जेवण सगळ्यांचं एकाच टेबलावर. बोलायची सक्ती नाही, भाजीचं भांडं पुढे सरकवायला बोलावं लागत नाही. आणि "येणार नाही" असं बाबांनी लगेच ठरवू नये. रूथ वाट बघतेय, आणि तिच्याहून जास्त मी.

आता ऐका. बाबा, अंगणातसुद्धा अनवाणी जायचं नाही, शुगरवाल्यांनी पायाला जखम करून घ्यायची नसते. गोळी घेऊन उपाशी फिरायला जाणं बंद. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. रविवारी चर्चला रिक्षानेच जा, पैसे मी पाठवते, पुरवून पुरवून वापरू नका.

दादाला मी सांगते. आत्याला मात्र तुम्हीच सांगा, मला तिची अजून भीती वाटते.

तुमची
बेबी