आवच्या नवमीला सिनेगॉग रिकामं का?

संपादक महाशय,

यहुदी पंचांगातल्या आव महिन्याची नवमी, म्हणजे तिशा बेआव, जवळ आली आहे. यरुशलेमचं पहिलं मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरने उद्ध्वस्त केलं, दुसरं इ.स. ७० मध्ये तीतसच्या रोमन फौजेने. दोन्हींचा शोक आम्ही यहुदी याच दिवशी पाळतो. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांत वालाच्या बिरड्यावरून याला ‘बिरड्याचा सण’ म्हणत. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, पायात चामड्याची वहाण नाही, सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, जमिनीवर बसून यरुशलेमच्या पाडावावरच्या ‘विलापगीत’ या धर्मग्रंथाचं वाचन.

एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया संदेष्टा, याच्या नावाने होणाऱ्या मलिद्याच्या विधीला घर भरतं, याचा आनंदच आहे. पण नवमीच्या रात्री प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला फोनवर फोन करावे लागतात. तरुण मुलं विचारतात, एकोणीसशे वर्षांपूर्वी पडलेल्या वास्तूसाठी आता कशाला रडायचं? इस्राएल देश झाला, यरुशलेमला विमानाने जाता येतं. प्रश्न रास्त आहे. तो दटावून मिटणार नाही.

बाबेलहून परतलेल्या आमच्या पूर्वजांचंही असंच झालं होतं. मंदिराचा पाया घातला, विरोध झाला, काम थांबलं आणि लोक आपापल्या संसारात रमले. मंदिर नको असं कुणीच म्हणत नव्हतं. ‘अजून वेळ आली नाही’ एवढंच म्हणत होते. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याने त्यांना विचारलं, देवाचं घर ओसाड असताना तुम्ही लाकडी तक्तपोशीच्या घरांत सुखाने कसे राहता? त्यानंतर पाचेक वर्षांत मंदिर उभं राहिलं. मला त्यांची ही उदासीनता उघड अविश्वासापेक्षा जास्त घातक वाटते, कारण ती कुणाला टोचत नाही.

म्हणूनच रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मंदिराची आठवण रोजच्या जगण्यात पेरून ठेवली. दिवसातून तीनदा यरुशलेमकडे तोंड करून मंदिराच्या पुनःस्थापनेची प्रार्थना, लग्नात फोडला जाणारा पेला, नव्या घराच्या भिंतीचा गिलाव्याविना सोडलेला तुकडा.

ही आस म्हणजे कुणावर चाल करून जाणं नव्हे, हेही सांगायला हवं. मंदिर होतं त्या टेकडीवर आज अल-अक्सा मशीद आणि सोनेरी घुमट आहे. मध्ययुगातले आमचे दोन थोर धर्मपंडित घ्या: मैमोनिदसच्या मते मंदिर मशीहा, म्हणजे येणारा तारणहार, बांधेल, राशीच्या मते ते स्वर्गातून उतरेल. इस्राएलच्या मुख्य रब्बींनी तर यहुद्यांना त्या आवारात पाऊल टाकायलाच मनाई केली आहे. आम्हाला करण्यासारखं काम दुसरीकडे आहे. तालमूद हा रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ सांगतो, दुसरं मंदिर पडलं तेव्हा लोक तोरा, म्हणजे मोशेचं धर्मशास्त्र, शिकत होते, आज्ञा पाळत होते, दानधर्म करत होते. पडलं ते निष्कारण द्वेषामुळे.

आमच्या सिनेगॉगांच्या समित्यांना माझी विनंती आहे. यंदा विलापगीत हिब्रूसोबत मराठीतही वाचा. १८४६ साली मुंबईत छापलेल्या हगादामध्ये, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, हिब्रूबरोबर मराठी भाषांतर होतं, मग इथेच अडचण कसली? वाचन मुलांकडून करून घ्या, त्यांना मध्येच प्रश्न विचारू द्या. आणि समितीच्या भांडणातून ज्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय, त्यांना घरी जाऊन बोलावणं करा.

— एक बेने इस्राएल वाचक, ठाणे