आता आयपीएलसाठी बोली लावणार कोण?

संपादक महोदय,
2022 मध्ये आयपीएलच्या 2023 ते 27 च्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला तेव्हा क्रिकेट बोर्डाला 48,390 कोटी मिळाले, कारण स्टार आणि व्हायाकॉम 18 एकमेकांना भिडले होते, टीव्ही स्टारकडे गेला, डिजिटल व्हायाकॉमकडे. त्याचा फायदा आपल्यालाच झाला ना! 2023 ला व्हायाकॉमच्या जिओसिनेमा अ‍ॅपने मॅचेस फुकट दाखवल्या, वर चक्क मराठी कॉमेंट्री (आमच्या घरी आजी पण ऐकत बसायची), मग स्टारच्या हॉटस्टारनेही त्याच वर्षी आशिया कप आणि वर्ल्ड कप मोबाईलवर फुकट केला. कुणी उपकार म्हणून नाही केलं हे, समोरचा गिऱ्हाईक पळवेल म्हणून केलं.

नोव्हेंबर 2024 मध्ये स्टार आणि व्हायाकॉम हे दोघंच एक झाले, फेब्रुवारी 2025 ला अ‍ॅपही एकच झालं, जिओहॉटस्टार. बाजारातली स्पर्धा टिकवायचं काम असलेल्या स्पर्धा आयोगाने या विलीनीकरणाला काही अटी घालून ऑगस्ट 2024 मध्येच परवानगी दिली होती. पण 2028 पासूनच्या हक्कांसाठी यांच्यासमोर तेवढ्या ताकदीने उभं कोण राहणार? आणि मराठी कॉमेंट्रीसारखं नवीन काही करायची गरज तरी कुणाला वाटेल? आयोगाने यावर आत्तापासूनच लक्ष ठेवावं ही कळकळीची विनंती.

– एक क्रिकेटप्रेमी, पुणे