मिरजेतल्या त्या मावशींचे आणि दादांचे आभार

आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात होती. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या या दवाखान्यात कर्नाटकातूनही पेशंट येतात. शेजारच्या खाटेवरच्या आजींना कन्नडशिवाय काही येत नव्हतं. चर्चमधून सेवेला येणाऱ्या मावशींनी त्यांचं दुखणं समजून घेऊन सिस्टरना सांगितलं. मग आईला चमच्याचमच्यानं पेज भरवली, केसांतला गुंता हळूहळू सोडवून वेणी घातली. सलाइनचा हात जराही हलू दिला नाही! प्रार्थना करू का, हेही आधी विचारलं. रात्री धावत जाऊन औषधं आणणाऱ्या दादांनी तर नावसुद्धा सांगितलं नाही. तुम्हां सगळ्यांचे मनापासून आभार. आई घरी आली आहे, मावशींची रोज आठवण काढते.