वहिनी, बी.ए.चा फॉर्म भरा

स्टुटगार्ट, जर्मनी

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

तुमचा मोठा मेसेज वाचला. ओवीच्या शाळेबद्दल पानभर लिहिलंत आणि अगदी शेवटी, जाता जाता एकच ओळ: "मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचं म्हटलं तर या वयात जमेल का, की लोक हसतील?" दादाशी फोनवर बोलले तेव्हा तोही ओवीच्या शाळेचंच बोलत होता. तुमच्या त्या ओळीची त्याला कल्पनाच नव्हती. म्हणून पत्र तुमच्या नावाने लिहितेय, पण दादाला वाचायला द्या, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आधी ओवीच्या प्रवेशासाठी त्या नव्या शाळेत झालेल्या मुलाखतीचं. तुम्ही लिहिलेलं वाचून माझा दिवसभर कामात जीव लागला नाही. ओवीला बाहेर बसवलं, तुम्हा दोघांना आत बोलावलं, आणि मॅडमनी इंग्रजीत पहिला प्रश्न काय विचारला, तर आईचं शिक्षण किती. तुम्ही बारावी म्हणालात. त्यांनी फॉर्मवर काहीतरी खूण केली आणि तिथून पुढे सगळं दादाशीच बोलल्या. तुम्ही समोर बसलेल्या असताना.

वहिनी, अशी मुलाखत घेणंच कायद्यात बसत नाही. शिक्षणहक्काचा जो 2009 चा कायदा आहे, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला, त्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कसलीही चाळणी लावायची नाही. देणगीही घ्यायची नाही. चाळणी लावली तर पहिल्या वेळेला 25 हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळेला 50 हजारांपर्यंत. त्या खुर्चीत अवघडून बसायची वेळ तुमच्यावर यायलाच नको होती. हे तुम्हाला आधीच कुणी सांगायला हवं होतं.

पण मला भीती वाटते ती वेगळीच. तुमची ती शेवटची ओळ त्या खोलीतून आलीय. त्या मॅडमना उत्तर देता यावं म्हणून बी.ए. करणार असाल, तर पहिल्या सत्रातच कंटाळाल. तुम्हाला वाचायला आवडतं म्हणून करा. दिंडोरीच्या कॉलेजात बारावीला असताना तुम्ही इतिहासाच्या वह्या कशा सजवल्या होत्यात, ते लग्नानंतर तुम्हीच मला ट्रंक उघडून दाखवलं होतं. नकाशे, मार्जिनमध्ये लाल शाईने सनावळ्या, शेवटच्या पानावर पुढे वाचायच्या पुस्तकांची यादी. ती यादी करणारी मुलगी पुढे शिकायची राहिली. कारण लग्न ठरलं आणि कुणी विचारलंच नाही, आमच्या घरानेही नाही.

इथलं थोडं सांगते, म्हणजे मी एवढा आग्रह का धरतेय ते कळेल.

इथे गावोगावी फोल्क्सहोखशुल नावाची मोठ्या माणसांची शाळा असते. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये देशाची नवी घटना झाली, तिच्यातच प्रौढांच्या शिक्षणाला सरकारने हातभार लावावा असं लिहिलं गेलं आणि या शाळा झपाट्याने वाढल्या. आमच्या स्टुटगार्टची शाळा भर शहरात आहे, रोटेब्यूल चौकात. संध्याकाळी सहाला तिथे गेलात तर जिन्यावर नुसती गर्दी. कुणी हिशेब शिकायला आलंय, कुणी शिवण, कुणी स्पॅनिश, कुणी राहिलेली शालान्त परीक्षा द्यायला. सत्तरीच्या आजी चित्रकलेची पाटी बगलेत मारून चढत असतात आणि त्यांना कुणी वळूनसुद्धा बघत नाही, हसणं तर लांबच.

मी जर्मन तिथेच शिकले. परदेशातून राहायला आलेल्यांसाठी इथे सरकारी अभ्यासक्रम आहे: 600 तास भाषा आणि 100 तास देशाचे कायदे, इतिहास, रीतभात. माझ्या शेजारी सिरियाहून आलेल्या एक बाई बसायच्या, चार मुलांच्या आई. त्यांच्या गावी त्या थोडंच शिकलेल्या, आणि हाताला अरबी लिहायची सवय, उजवीकडून डावीकडे. सुरुवातीला त्यांचं पेन आपोआप पानाच्या उजव्या कडेला जायचं. मग त्या स्वतःच थांबायच्या, डाव्या हाताचा अंगठा पानाच्या डाव्या कडेवर ठेवायच्या आणि त्या अंगठ्यापासून अक्षर सुरू करायच्या. कितीतरी आठवडे मी तो अंगठा तिथे बघितला. पुढे कधीतरी तो तिथून गेला, केव्हा ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांच्या मुलीच्या शाळेत पालकसभेला त्या एकट्या गेल्या आणि शिक्षिकेला स्वतःच्या तोंडाने प्रश्न विचारला: गणिताचा गृहपाठ मी समजावून दिला तर चालेल का? दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्यांनी आम्हाला तो प्रश्न जसाच्या तसा म्हणून दाखवला.

आणि असं समजू नका की हे फक्त बाहेरून आलेल्यांचं आहे. 2018 मध्ये इथे मोठी पाहणी झाली. नोकरी-धंद्याच्या वयातल्या 62 लाख लोकांना साधा मजकूरही नीट वाचता-लिहिता येत नाही असं निघालं, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक लहानपणापासून जर्मनच बोलणारे. एवढा श्रीमंत देश, सक्तीची शाळा, तरी. त्यांच्यासाठीही त्याच इमारतीत वर्ग चालतात, आणि ही माणसं कामावरून सुटल्यावर येतात. मोठ्या वयात शिकायला बसणं हे मागे राहिल्याचं लक्षण आहे, हा समज आपण डोक्यातून काढून टाकला पाहिजे.

आपल्याकडे तरी हे कुठे नवीन आहे? जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आणि पुण्यापर्यंत तरी कशाला जायचं, तुमच्या माहेरी बघा. 17 मार्च 2024 ला उल्लासची, म्हणजे सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची, परीक्षा झाली तेव्हा तुमच्या आई गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पेपरला बसल्या. वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50, असा दीडशे गुणांचा पेपर. आदल्या रात्रीचा तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. सरावाची पुस्तिका मांडीवर, बोट ओळीखालून सरकतंय, आणि तुमची भाची मागून सांगतेय, "आजी, तो न नाही, ण आहे." त्यांनी बोट मागे नेलं आणि ओळ पहिल्यापासून वाचली. ज्यांच्या आईने साठीत असं केलं, त्यांनी चौतिसाव्या वर्षी वयाचं विचारू नये.

आता तुमच्या हाताशी काय आहे ते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झालं आणि राज्यभरात पसरलं, पण त्याचं मुख्यालय आपल्याच नाशकात, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला. धरणावर जाताना किती वेळा त्या फाटकावरून गेलोय आपण. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्यांचं ब्रीद तिथून जाता-येता वाचलेलं. तिथे रोज जायचं नसतं. जवळच्या कॉलेजातलं अभ्यासकेंद्र निवडायचं, पुस्तकं स्वतः वाचून कळतील अशी लिहिलेली असतात, मराठीतून, आणि संपर्कसत्रं बहुधा सुटीच्या दिवशी. बारावी झालेली असल्याने तुम्हाला थेट बी.ए.ला प्रवेश मिळतो. पदवीला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता आहे. तलाठ्याची परीक्षा द्यायची तरी पदवी लागते, अंगणवाडीत मुख्यसेविका व्हायचं तरी लागते. द्या किंवा देऊ नका, पण दार उघडं राहील.

एका गोष्टीत लोक अडकतात, ते आत्ताच बघून ठेवा. तुमच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर आमचं. विवाहनोंदणीचा दाखला काढून ठेवा, नसेल तर दादाने या आठवड्यात महापालिकेत जाऊन चौकशी करावी. शाळा सोडल्याचा दाखला माहेरी असेल, तोही मागवा.

वेळ कुठून काढायचा, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, घरातल्या बाकीच्यांकडे आहे. पहाटे साडेचारला उठून अंबड एमआयडीसीतल्या पोरांचे डबे, मग ओवी, मग बाबांचं पथ्य. यातून अभ्यास निघणार नाही, कुणीतरी काहीतरी उचलावं लागेल. दादा, हे तुझ्यासाठी. रविवारचे डबे तू बघायचेस. येत नसेल तर शीक. आणि संध्याकाळचा एक तास वहिनींना कुणी हाक मारायची नाही. घरात बसून होत नसेल तर सार्वजनिक वाचनालयात जा, वहिनी. 1840 पासूनची संस्था आहे, आपल्या गावाला तिचा अभिमान आहे, तर तिचा उपयोगही व्हावा.

आता ओवीचं.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते: घरापासून दहा मिनिटांवरची मराठी शाळा, सेमी इंग्रजी. गणित-विज्ञान इंग्रजीतून होईल, बाकी आपल्या भाषेत. तिची पुस्तकं तुम्ही उघडू शकाल, बाईंना तुम्ही स्वतः जाऊन भेटू शकाल, तिच्या वहीत चूक दिसली तर तुम्हाला कळेल. त्या नव्या शाळेची बस ओवीला पाऊण तास फिरवणार आणि फी दादाच्या पगाराचा मोठा लचका तोडणार. तेवढ्या पैशात तुमची बी.ए. होईल आणि ओवीची पुस्तकं, सहली, चित्रकलेचा क्लास सगळं होऊन उरेल. शिवाय अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी नावं कागदावर असतात आणि सह्या घरपोच येतात. तुम्ही मात्र त्या समितीत बसा, आणि बसलात की बोला.

इथे माझ्या कबीरच्या शाळेत वर्षाच्या सुरुवातीला पालकसभा असते. आम्ही सगळे मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसतो आणि वर्गातून दोन पालक-प्रतिनिधी निवडतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भाषा अर्धीच कळत होती. त्याच्या बाईंनी मला माझं शिक्षण विचारलं नाही. घरी कोणती भाषा बोलता, एवढंच विचारलं, आणि मराठी म्हटल्यावर म्हणाल्या, ती सोडू नका, तिच्यात त्याला गोष्टी वाचून दाखवत जा.

इथलं सगळंच चांगलं आहे असं अजिबात नाही. चौथी झाली की मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. कुणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, कुणी लवकर कामधंद्याकडे वळवणाऱ्या शाळेत. दहा वर्षांची पोरं! पुढे वाट बदलता येते, रात्रीच्या शाळा आहेत, कारखान्यात काम करत शिकण्याची सोय तर फारच चांगली आहे. पण घरी शिकलेले आई-बाप असले की पोर वरच्या वाटेला लागतं आणि नसले की खालच्या, हे 2000 सालच्या पिसा नावाच्या, पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सगळ्या देशाला दाखवून दिलं आणि अजून पुरतं बदललेलं नाही. कबीर तिसरीत आहे. पुढच्या वर्षाच्या विचाराने मला आत्ताच झोप लागत नाही. आपल्याकडे दहावीपर्यंत सगळी एका बाकावर बसतात, हे किती मोठं आहे ते इथे येऊन कळलं.

फॉर्मचे आणि पुस्तकांचे पैसे मी पाठवतेय. दादाला सांगा, यावर चर्चा नाही. आईने तुमच्या लग्नात मला सांगितलं होतं, घरात मोठी बहीण येतेय असं समज. बहिणीची फी भरायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रवेश सुरू झाले की फॉर्म भरताना मला व्हिडिओ कॉल करा, आपण दोघी मिळून भरू. तुमच्याकडे संध्याकाळ असेल तेव्हा माझी जेवणाची सुट्टी असते. इतिहास विषय घ्या. आणि ट्रंकेतली ती यादी फोटो काढून पाठवा. त्यातली पुस्तकं मी डिसेंबरात आले की मेनरोडवरून घेऊ, मिळतील तेवढी.

आई-बाबांना नमस्कार. ओवीला गोड पापा.

तुमची,
नणंद