सीआरपी नॉर्मल आहे म्हणून गोळ्या बंद करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला पोटाच्या विकारांवरचा लेख वाचला. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारे, डॉक्टर ज्यांना मिळून आयबीडी म्हणतात, त्या आजारांवर मराठीत फारसे लिहिले जात नाही. त्यामुळे लेख पाहून बरेच वाटले. पण त्यातले एक वाक्य वाचून राहवेना, म्हणून हे पत्र. ‘सीआरपी नॉर्मल असेल तर आतड्याला सूज नाही असे समजावे,’ असे त्यात छापले आहे. सीआरपी म्हणजे शरीरातला दाह (सूज) दाखवणारी रक्ताची तपासणी. कृपा करून वाचकांनी तसे समजू नये. माझी नोकरी बडोद्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली आणि माझा सख्खा भाचा कोलायटिसचा पेशंट आहे. अशा एका वाक्यावर घरात काय काय निर्णय होतात ते मी जवळून पाहिले आहे.

सीआरपी हे प्रथिन आतड्यात तयार होत नाही, यकृतात होते. शरीरात कुठे दाह सुरू झाला की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखी रसायने रक्तात सोडतात आणि ती पोचली की यकृत सीआरपी बनवू लागते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना हा पदार्थ प्रथम सापडला तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. म्हणजे दाढेत पू झाला, लघवीला इन्फेक्शन झाले, डेंग्यू झाला, तरी हा आकडा चढू शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर येऊन गेला की आठवडाभरात गल्लोगल्ली जुलाबाचे पेशंट दिसतात. त्या दिवसांत कोलायटिसवाल्याचा सीआरपी वाढला तर तो जुन्या आजाराने की दूषित पाण्याने, हे रक्त सांगू शकत नाही. त्यासाठी शौचाची जंतूंसाठी तपासणी करावीच लागते. ती न करता स्टेरॉइड सुरू करणे धोक्याचे.

आता उलट बाजू, जिच्यावर लेखात एक शब्दही नाही. क्रोन्समध्ये दाह आतड्याच्या भिंतीत आरपार जातो, म्हणून सीआरपी सहसा चांगलाच वाढतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह आतल्या अस्तरापुरता राहतो. आजार गुदाशयाजवळच्या थोड्या भागात असेल तर रोज रक्त पडत असूनही सीआरपी पाच मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत, अगदी नॉर्मल, असू शकतो. काही माणसांच्या यकृताला तर जन्मतःच सीआरपी फारसा बनवता येत नाही. अशा रुग्णाला ‘रिपोर्ट चांगला आहे, मनाचे खेळ आहेत’ असे घरचे म्हणतात, तेव्हा त्याची काय अवस्था होत असेल याचा विचार करावा.

भाच्याची गोष्ट सांगते. त्याचा सीआरपी घराजवळच्या लॅबमध्ये १२ आला होता. पुढच्या वेळी कामावरून सुटल्यावर सोयीचे म्हणून त्याने मकरपुऱ्याच्या बाजूला दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिले. रिपोर्ट मोबाइलवर आला, १.६. बहिणीचा लगेच फोन: ‘ताई, बारावरून दीडवर आला गं! थोडासाच जास्त आहे आता.’ नवरात्र तोंडावर आली होती, पोराला गरब्याला जायचे होते, आणि आकडा उतरल्याच्या आनंदात त्याने कोलायटिसच्या रोजच्या, मेसालामाइनच्या गोळ्या आपल्या मनाने निम्म्या केल्या. दसऱ्यानंतर रक्त पडू लागले तेव्हा दोन्ही रिपोर्ट माझ्यासमोर आले. पहिल्यावर मिलिग्रॅम प्रति लिटर होते, दुसऱ्यावर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, तेही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. दोन्हींत दहापटीचा फरक. १.६ म्हणजे १६. आकडा उतरला नव्हता, चढला होता! लॅबने खोटे काही छापले नव्हते, पण सामान्य माणूस एकक वाचत नाही, तो आकडा वाचतो. यावर काही करता येईल का, ते पुढे लिहिते.

दाहाचीच दुसरी रक्ततपासणी म्हणजे ईएसआर, तिच्याबद्दल तर आपल्या समाजात एक जुनी समजूत घट्ट बसली आहे: ईएसआर वाढला म्हणजे टीबी. ही तपासणी मी हाताने लावलेली आहे. सायट्रेट मिसळलेले रक्त वेस्टरग्रेनच्या लांब नळीत भरायचे, नळी स्टँडमध्ये अगदी सरळ उभी करायची आणि एक तासाने तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचे. नळी जराशी कलली तर पेशी भराभर खाली येतात. मे महिन्यात खोली तापलेली असली तरी आकडा फुगतो. आता बऱ्याच ठिकाणी मशिन आली आहेत, पण तपासणीचे मूळ तेच. रुग्णाच्या अंगात रक्त कमी असेल तर नुसत्या त्या कारणाने ईएसआर वाढतो, आणि कोलायटिसच्या रुग्णाला रक्त कमी असणे हे नेहमीचेच. शिवाय वयाप्रमाणे तो वाढतो, गरोदरपणात वाढतो. दाह ओसरला की सीआरपी दोन-चार दिवसांत खाली येतो, ईएसआर मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो. दोन्ही एकाच दिवशी काढले आणि एक चांगला, एक वाईट आला म्हणून लॅबशी भांडायला येणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात लॅबची चूक नसते.

टीबीचा मुद्दा आपल्या देशात खरोखर महत्त्वाचा आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोन्ही लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथेच बहुधा बसतात, दोन्हींत वजन उतरते, ताप येतो, ईएसआर आणि सीआरपी चढतात. रक्ताच्या या आकड्यांवरून त्यांत फरक करता येत नाही. दुर्बिणीतून तुकडा काढून तपासावा लागतो, तरीही कधी कधी तज्ज्ञांची कसोटी लागते. चुकून टीबीला क्रोन्स समजून दाह दाबणारी औषधे दिली तर टीबी उसळतो. म्हणून ‘ईएसआर पन्नास आहे, टीबीचा कोर्स सुरू करा’ किंवा त्याच्या उलट, असा सल्ला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी देऊ नये.

फेरिटिनचेही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीचेही, तसेच. हिमोग्लोबिन ९ आणि फेरिटिन ६०, म्हणजे लोह भरपूर, असे अनेक जण समजतात. पण दाह चालू असताना फेरिटिन आपोआप वाढते. त्या अवस्थेत १०० पर्यंतच्या फेरिटिनमागेही लोहाची कमतरता लपलेली असू शकते, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती भरलेले आहे, ते बघतात. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन उतरणे आणि प्लेटलेट वाढणे याही दाहाच्याच खुणा. आणि ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्यांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हा वेगळाच विषय आहे: तो औषधाने पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना हे बघण्यासाठी असतो. सीआरपी कितीही छान आला तरी तो चुकवायचा नाही.

मग आतड्यातली खबर देणारे काही आहे का? आहे, पण ते रक्तात नाही, शौचात आहे. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतले प्रथिन आतड्याच्या दाहात थेट शौचात उतरते. लक्षणे नसताना हा आकडा १५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत आणि सीआरपीही नॉर्मल असेल, तर कोलायटिस शांत आहे असे धरून लगेच दुर्बीण टाळता येते, असे अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनची २०२३ची मार्गदर्शिका सांगते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी हा आकडा वाढतो, तेव्हा त्या घेतल्या असतील तर डॉक्टरांना सांगावे. तपासणी सीआरपीपेक्षा बरीच महाग आहे हे खरे. पण आमच्या लॅबमध्ये लोक पैशापेक्षा लाजेने मागे फिरत. पोरीसोरी तर डबी हातात घ्यायलाही तयार नसत, आई पुढे होऊन ‘रक्तावरच काय ते बघा ना’ म्हणे. इथे लाज बाळगू नये, एवढे मनापासून सांगते.

रक्ताच्या तपासण्या निरुपयोगी आहेत असा माझ्या पत्राचा अर्थ कोणी काढू नये. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘काम’ (CALM) नावाच्या अभ्यासात क्रोन्सच्या एका गटाचे औषध लक्षणांबरोबरच सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिन पाहून वाढवत नेले, दुसऱ्याचे मुख्यतः लक्षणे पाहून. ४८ आठवड्यांनी पहिल्या गटात ४६ टक्के रुग्णांचे आतडे आतून भरून आले होते, दुसऱ्यात ३० टक्के. हा मोठा फरक आहे. आणि दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब, त्यासोबत नाडी नव्वदीपुढे, ताप, हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली किंवा ईएसआर तिसापुढे, यांपैकी एक जरी असेल तरी तो कोलायटिसचा तीव्र झटका मानतात. ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांची १९५५ची ही कसोटी आजही वापरात आहे. अशा वेळी रिपोर्टची वाट पाहत घरी बसू नये, सरळ हॉस्पिटल गाठावे.

आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत तितक्याच ठळकपणे छापावी. आणि शहरातल्या लॅबचालकांना आपल्या स्तंभातून आवाहन करावे, की सीआरपीचे एकक आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात द्या, आणि सगळ्यांनी मिळून मिलिग्रॅम प्रति लिटर हे एकच ठरवा. यात खर्च काहीच नाही, सॉफ्टवेअरमध्ये एकदा बदल करायचा आहे. तोवर रुग्णांनी शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्यावे आणि एका वहीत तारीख, आकडा, एकक, त्या दिवशीची लक्षणे, चालू औषधे असे लिहून ती वही दर वेळी डॉक्टरांसमोर ठेवावी. भाच्याची वही आता मीच भरते.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
दांडिया बाजार, वडोदरा